रेडिओवर उत्तर आले नाही, म्हणजे वैमानिक दोषीच का?

उजळाईवाडीकर

कालच्या चर्चेत एका सदस्याने निकालच देऊन टाकला की, ‘प्रतिबंधित हवाई क्षेत्रात शिरून रेडिओवर उत्तर न देणारा वैमानिक एकतर बेफिकीर असतो, नाहीतर त्याच्या मनात काळेबेरे असते, रेडिओ बिघडल्याची सबब ऐकून घेऊ नये.’ हे वाचून मला गप्प बसवेना. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर उतरणारी विमाने बघत मी लहानाचा मोठा झालो आणि पुढे विमान चालवायलाही शिकलो, म्हणून सांगतो. एका फ्रिक्वेन्सीवर एका वेळी एकालाच बोलता येते. दोघांनी एकदम बोलण्याचे बटण दाबले तर बाकीच्यांना फक्त कर्कश शिट्टी ऐकू येते आणि बोलणारे दोघेही आपला निरोप पोहोचला अशाच समजुतीत राहतात.

29 जानेवारी 2025 रोजी वॉशिंग्टनच्या कडक निर्बंधांच्या आकाशात लष्करी हेलिकॉप्टर आणि प्रवासी विमान यांची टक्कर होऊन 67 माणसे गेली. एकच कंट्रोलर, म्हणजे जमिनीवरून विमानांना सूचना देणारा नियंत्रक, दोघांशी बोलत होता, पण वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींवर, त्यामुळे त्या दोघांना एकमेकांचे बोलणे ऐकू येत नव्हते. त्यातच ‘विमानाच्या मागून जा’ ही सूचना दिली जात असताना हेलिकॉप्टरमधले बोलण्याचे बटण सेकंदाहून कमी वेळ दाबले गेले (ते दाबलेले असताना समोरचे ऐकू येत नाही), आणि नेमके ‘मागून जा’ हेच शब्द आत पोहोचले नसावेत, असे तपास यंत्रणेने सांगितले. यात काळेबेरे कुठे दिसते?

शिकत असताना आमच्या विमानाचा रेडिओ एकदा एकतर्फी झाला, तोही संरक्षण दलाच्या विमानतळाच्या हद्दीलगत. कंट्रोलर आमच्या कॉलसाइनने, म्हणजे विमानाच्या रेडिओवरच्या नावाने, हाका मारत होता आणि त्या अगदी स्वच्छ ऐकू येत होत्या. मी बटण दाबून उत्तर देत होतो, पण हेडसेटमध्ये माझाच आवाज मला परत ऐकू येत नव्हता, म्हणजे बोलणे बाहेर जातच नव्हते. अखेर त्या कंट्रोलरने ‘ऐकू येत असेल तर आयडेंट दाबा’ असे सांगितले, प्रशिक्षकांनी ट्रान्सपॉन्डरचे, म्हणजे रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्राचे, ते बटण दाबले आणि आम्ही जिवंत आहोत, ऐकतो आहोत, हे त्यांना पडद्यावर कळले. कालच्या सदस्याचे मत बाळगणारा माणूस त्या खुर्चीत असता तर आमच्यामागे काय लागले असते, याचा विचार करावा.

गडहिंग्लजचा माजी हवाईसैनिक

आपण कॉकपिटमधून बोलता आहात, मी रडारच्या पडद्यासमोर बसून बोलतो. 450 नॉट वेगाचे विमान मिनिटाला सुमारे 14 किलोमीटर कापते. अनोळखी ठिपका हद्दीत शिरला की त्याच्या रेडिओची तब्येत विचारत बसायला आमच्याकडे वेळ नसतो. आणि वैमानिकाला नियमांनी काही कमी दिलेले नाही. उड्डाणाआधी हवाई संरक्षण मंजुरीचा क्रमांक घ्यायचा, नकाशा आणि नोटॅम (वैमानिकांसाठीच्या सूचना) वाचायचे, 121.5 ही आणीबाणीची फ्रिक्वेन्सी ऐकत राहायचे, रेडिओ गेला तर ट्रान्सपॉन्डरवर 7600 हा रेडिओ बिघाडाचा कोड लावायचा आणि लढाऊ विमान शेजारी येऊन पंख हलवू लागले की मुकाट्याने त्याच्या मागे जायचे. एवढे सगळे सोडून जो गप्प उडत राहतो, त्याला मी निर्दोष का समजावे? आपल्याला एक भला कंट्रोलर भेटला, एवढ्यावरून धोरण ठरत नसते.

उजळाईवाडीकर

साहेब, ‘आम्ही हाका मारल्या होत्या’ हे वाक्य इतिहासात फार महागात पडलेले आहे. 3 जुलै 1988 रोजी अमेरिकन युद्धनौकेने इराण एअरचे प्रवासी विमान पाडले आणि 290 जीव गेले. नौकांनी इशारे दिले होते, पण त्यांपैकी सात लष्करी आणीबाणीच्या फ्रिक्वेन्सीवर होते, जी प्रवासी विमानात ऐकूच येत नाही. 121.5 वर तीन इशारे गेले. त्यांत विमानाचा कॉलसाइन नव्हता, त्यामुळे हे आपल्यालाच उद्देशून आहे हे वैमानिकाला कसे कळावे? त्याआधी 1 सप्टेंबर 1983 रोजी सोव्हिएत हद्दीत भरकटलेले कोरियन विमान पाडले गेले, 269 माणसे मेली, आणि तिथे तर 121.5 वर त्याला कुणी हाकही मारली नव्हती. या दोन्ही ठिकाणी मुका कोण होता?

शाहूपुरीची प्रवासी

तुम्ही दोघे फ्रिक्वेन्सीवर भांडता आहात, पण मुळात एवढे आकाश बंद का ठेवले आहे, हे कुणीच विचारत नाही. देशाच्या हवाई क्षेत्रापैकी 60 टक्केच मोकळेपणाने वापरता येते, हे मे 2020 मध्ये खुद्द अर्थमंत्र्यांनी सांगितले होते. उरलेल्या वाटांवर विमानांची दाटी झाली की रेडिओवरही दाटी होणारच. दिल्लीजवळच्या चरखी दादरीचे काय झाले? 12 नोव्हेंबर 1996 रोजी दोन विमानांची हवेत टक्कर होऊन 349 माणसे गेली. कझाक विमान नेमून दिलेल्या 15,000 फुटांच्या खाली आले ही चूक होतीच, पण दिल्लीचे बरेचसे आकाश हवाई दलाकडे असल्यामुळे येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांना एकाच पट्ट्यातून जावे लागत होते, हेही तितकेच खरे आहे. माझे वडील अतिदक्षता विभागात असताना आमचे विमान ‘लष्करी सराव सुरू आहे’ म्हणून हवेत घिरट्या घालत राहिले, आणि मी पोहोचले तेव्हा ते बोलण्याच्या स्थितीत नव्हते. ज्या कोल्हापुरात छत्रपती राजाराम महाराजांनी 1939 साली विमानतळ उभारला, त्या गावाने आकाशावर आपलाही हक्क आहे असे म्हणू नये का?

गडहिंग्लजचा माजी हवाईसैनिक

ताई, आपल्या दुःखाबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण सराव आकाशात करायचा नाही तर कुठे करायचा? आमच्या तालुक्यातली कितीतरी माणसे फौजेत गेलेली आहेत. त्यांनी प्रवाशांचे वेळापत्रक बघून सराव करावा, ही अपेक्षा मला अपमानास्पद वाटते.

शाहूपुरीची प्रवासी

कृपया माझ्या देशप्रेमाची परीक्षा घेऊ नका. माझा सख्खा भाऊ सैन्यात आहे. सराव नसतानाही ते आकाश बंद राहते आणि ते मोकळे झाल्याचा निरोप नागरी कंट्रोलरपर्यंत वेळेवर पोहोचत नाही, ही माझी तक्रार आहे. सराव करू नका असे मी कुठे म्हटले आहे?

गडहिंग्लजचा माजी हवाईसैनिक

निरोप उशिरा जातो, हे मी स्वतः पाहिलेले आहे. तेवढे सोडून बाकी काही मी मान्य करणार नाही.

पन्हाळ्याचा हॅम

माझा हौशी रेडिओचा पट्टा 144 मेगाहर्ट्‌झचा, विमानांच्या 118 ते 137 च्या जवळचाच, म्हणून दोघांनाही थोडे टोकतो. जोतिबाच्या डोंगरावरून मी सांगली-मिरजेशी आरामात बोलतो. तोच हातातला संच घेऊन गगनबावड्याचा घाट उतरू लागलो की दोन वळणांत सगळे शांत होते. हे तरंग सरळ रेषेत जातात. 10,000 फुटांवरच्या विमानाचे बोलणे सुमारे 225 किलोमीटरवर ऐकू येते. 1,000 फुटांवर ते अंतर 70 किलोमीटरच्या आसपास येते, तेही मध्ये सह्याद्रीसारखी भिंत नसेल तर. प्रतिबंधित क्षेत्राची हद्द चुकवायला वैमानिक खाली उतरला किंवा डोंगराआड गेला, तर नेमका तिथेच त्याचा आवाज तुटतो. माजी सैनिकांनी हे हिशेबात धरलेले नाही.

मात्र उजळाईवाडीकरांनी त्या शिट्टीला दोष देऊ नये. विमानात आवाज पाठवायला मुद्दाम एएम पद्धत वापरतात, कारण एफएम या दुसऱ्या पद्धतीत जोरकस आवाज दुबळ्या आवाजाला पार गिळून टाकतो आणि दुसरे कुणी बोलत होते याचा पत्ताही लागत नाही. 27 मार्च 1977 रोजी टेनेरिफ या स्पॅनिश बेटावर धावपट्टीवरच दोन विमानांची टक्कर होऊन 583 माणसे गेली, तिथेही अशीच शिट्टी कॉकपिटमध्ये ऐकू गेली होती. ती ऐकून ‘पुन्हा सांगा’ म्हणायला हवे होते, ते कुणी म्हटले नाही.

उजळाईवाडीकर

शिट्टीबद्दलचे तुमचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण ‘पुन्हा सांगा’ म्हणायलाही फ्रिक्वेन्सी मोकळी लागते, आणि कुणाचे बटण अडकून बसले असेल तर तीही मिळत नाही. माझी मागणी एवढीच आहे की लष्करी आणि नागरी कंट्रोलरांमध्ये थेट फोन असावा, हाक मारताना विमानाची जागा, उंची आणि दिशा सांगावी, आणि उत्तर आले नाही तर आधी आयडेंट मागावे.

गडहिंग्लजचा माजी हवाईसैनिक

आयडेंट मागण्याला माझा विरोध नाही. 7600 लावलेल्याला संशयित मानू नये, हेही ठीक. पण दोन्हीपैकी काहीच न करणाऱ्याची वकिली मी ऐकून घेणार नाही.

उजळाईवाडीकर

अल्टरनेटर, म्हणजे विमानातले वीज बनवणारे यंत्र, गेला आणि बॅटरीही संपली, तर रेडिओबरोबर ट्रान्सपॉन्डरही बंद पडतो. मग 7600 कशावर लावायचा?

गडहिंग्लजचा माजी हवाईसैनिक

मग पंख हलवावेत आणि आमच्या विमानामागे यावे. त्याला बॅटरी लागत नाही.