गोळी चालू असताना घरी रोज बीपी मोजावं का?

आकडेमोड
मोजावं, आणि वहीत लिहावंही. दवाखान्यात पाऊल ठेवताच काहींचं बीपी चढतं. काहींचं उलट, तिथे नॉर्मल आणि घरी जास्त. हा दुसरा प्रकार वाईट, कारण तो कुणाच्या लक्षातच येत नाही. तीन महिन्यांतून एकदा घेतलेल्या आकड्यावर डोस ठरवणं म्हणजे शितावरून भाताची परीक्षा, तीही वरच्याच शिताची.

सावकाश
म्हणून भात रोज ढवळायचा का? बीपी दिवसभरात १०-२० अंकांनी सहज हलतं. १४२ दिसलं की माणूस घाबरून लगेच पुन्हा पट्टा बांधतो, मग १४८, मग १५३. ही धास्ती मोजण्यातूनच आलेली असते. त्यापेक्षा डॉक्टरांकडे जायच्या आधी सलग ७ दिवस मोजा. सकाळी गोळी आणि नाश्त्याआधी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मध्ये १ मिनिट थांबून. पहिल्या दिवसाचे आकडे सोडा आणि उरलेल्या २४ची सरासरी काढा. घरी १३५/८५ म्हणजे साधारण दवाखान्यातले १४०/९०, हे धरून ती वाचा. मग मशीन कपाटात.

आकडेमोड
बीपी स्थिर असलेल्यांना हे चालेल. डोस बदलला किंवा उठताना अंधारी येऊ लागली, तर पुढची तारीख येईपर्यंत थांबायचं? अशा वेळी बसून मोजा, मग उभं राहून १ आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २०ने घसरला तर डॉक्टरांना कळवा; गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

टेपवाली
रोज की आठवडाभर, हा वाद नंतर घाला. आधी मोजलेला आकडा खरा आहे का ते बघा. खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर दंडाचा घेर टेपने मोजा. मशीनसोबतचा पट्टा बहुतेक वेळा २२ ते ३२ सेंमीचा असतो. दंड ३५ सेंमीचा असेल तर तो अपुरा पडतो आणि आकडा उगाच फुगतो; मोठा पट्टा वेगळा मागवावा लागतो. हात मांडीवर ठेवला तरी तेच. पट्टा हृदयापेक्षा १० सेंमी खाली गेला की ७-८ अंक वाढतात, म्हणून हात टेबलावर हवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, आधी ५ मिनिटं गप्प बसणं. चहा घेतला असेल तर अर्धा तास थांबा. आणि लघवी तुंबवून मोजायला बसू नका, हे कुणी सांगतच नाही!

नवखा
मनगटावरचं घड्याळ चालेल का?

टेपवाली
औषध ठरवायला नाही. पट्टा न फुगवता बीपी दाखवणाऱ्या काही घड्याळांना दर २८ दिवसांनी दंडावरच्या मशीनशी जुळवून घ्यावं लागतं. म्हणजे मशीन घ्यावं लागतंच.

सावकाश
दंडाचं मान्य. रोजचं अजूनही नाही. मात्र १८०/१२०च्या वर गेलं आणि सोबत छातीत दुखणं, धाप किंवा बोलताना जीभ अडखळणं असेल, तर सरासरी काढत न बसता थेट हॉस्पिटल गाठा.

आकडेमोड
वहीत १३०/८० असे गोल आकडे लिहू नका. १२७ आलं तर १२७च. मेमरीवर विसंबायचं असेल तर युझर १ आणि २चं बटण बघून घ्या. नवराबायको एकाच खात्यात मोजतात आणि मग सरासरी दोघांपैकी कुणाचीच नसते.