मदत हवी आहे: ११ मीटरवर स्प्रिंकलर लाइन, सिझर लिफ्ट कोणती घ्यावी?

चाकण_फिटर

नमस्कार मंडळी. फायर फायटिंगच्या पाइपिंगचं आमचं छोटं काम आहे, आठ माणसं. आजवर घोडा आणि चाकांचं स्कॅफोल्डिंग यावर भागलं. आता चाकणला एका गोदामाचं काम मिळालंय आणि तिथल्या सेफ्टीवाल्यांनी पहिल्याच मीटिंगला सांगितलं, स्कॅफोल्डिंग आत दिसलं तर काम बंद, लिफ्ट आणा, म्हणजे माणसांना घेऊन कात्रीसारखी उघडत वर जाणारी सिझर.

साइट अशी: आत ट्रायमिक्सची सपाट काँक्रीट फरशी झालेली आहे. लाइनी ११ मीटरवर, फक्त मधली मोभाखालची १२.६ वर. अर्ध्या भागात रॅक उभे राहिलेत. एका टोकाला रॅक आणि फायर वॉल यांच्यात जेमतेम एक मीटर जागा उरलीय, आणि त्याच भिंतीत अँकर मारायचेत. बाहेर डॉकवर, म्हणजे ट्रक लावून माल चढवतात तिथे, अडीच मीटर पुढे आलेलं पत्र्याचं छप्पर आहे. त्याच्या वर, ९ मीटरवर, भिंतीला पाइपाचे सपोर्ट लावायचे. खाली मुरूम, त्यात नुकताच बुजवलेला केबलचा चर.

भाड्यावाला म्हणतो, "बत्तीस फुटी घ्या साहेब, पावणेबारा मीटरपर्यंत काम होतं." बत्तीस फूट म्हणजे पावणेदहा मीटर. मग हे वरचे दोन मीटर कुठून आले?

घाई नाही, पण चूक परवडणार नाही. मागच्या वर्षी एका साइटवर कुणाची तरी लिफ्ट दोन दिवस उसनी घेतली होती. दोन पोरं आठ मीटरवर असताना यंत्र मेलं. वरचं बटण चालेना, खालचंही चालेना. अर्धा तास वर पोरं, खाली आम्ही माना वर करून. शेवटी पलीकडच्या एसीवाल्यांचा एक माणूस आला, यंत्राच्या मागे वाकला, एक लाल दांडी ओढली आणि लिफ्ट अलगद खाली आली. आम्हाला त्या दांडीचा पत्ताच नव्हता.

नटबोल्ट

भाड्यावाला खोटं बोलत नाहीये. हे लोक 'वर्किंग हाइट' सांगतात, म्हणजे प्लॅटफॉर्मची उंची अधिक दोन मीटर, माणसाचा हात पोचतो तिथपर्यंत. मॉडेलच्या नंबरात मात्र प्लॅटफॉर्मचीच उंची असते. जिनी कंपनीची ३२४६ म्हणजे ३२ फूट उंची, ४६ इंच रुंदी. जेएलजी कंपनीचंही तसंच. कोटेशनमध्ये दोन्ही आकडे वेगवेगळे लिहून घ्या.

११ मीटरची लाइन बत्तीस फुटीवर तोंडासमोर येईल, पाना मारायला मस्त. १२.६ ला हात पोचणार नाही. मग कुणीतरी कठड्याच्या मधल्या दांडीवर पाय देतो किंवा वर स्टूल ठेवतो, आणि तिथेच माणूस जातो. मी असतो तर आतल्या कामाला चाळीस फुटीच घेतली असती. ११ ला ती थोडी कमी उचलायची, बस.

वजनाचं गणित आधी करा. १०० मिमी मीडियम पाइपाची सहा मीटरची लांबी साधारण ७३ किलो भरते. दोन माणसं, हत्यारं आणि पाइप मिळून पावणेतीनशेच्या घरात जातं. ३२४६ वर ३१८ किलो चालतं, त्यामुळे बसतं. पण बाहेर सरकणाऱ्या डेकवर त्याच्या निम्मंही चालत नाही. आणि पाइप कठड्यावर आडवा टाकू नका, त्यासाठी पाइपाचा क्रेडल मिळतो.

दुबईतला_दादा

भाऊ, तुम्ही वर बघताय, जरा खाली बघा.

या यंत्राला कलण्याचा सेन्सर असतो. कितीतरी मॉडेलांत बाजूला दीड अंश आणि पुढेमागे तीन अंश एवढीच मुभा असते. ४६ इंची यंत्राला दीड अंश म्हणजे एका बाजूची चाकं तीन सेंटीमीटर खाली. मुरमावर, बुजवलेल्या चरावर, हे व्हायला एक सर पुरते. आतली इलेक्ट्रिक लिफ्ट सपाट स्लॅबसाठीच असते, ती बाहेर नेऊच नका. शिवाय सिझर फक्त सरळ वर जाते, तुमचं छप्पर ती ओलांडणार कशी? तिथे आर्टिक्युलेटेड बूम लागेल, कोपरातून वाकणारा. ४५ फुटी पुरेल, चार दिवसांसाठी आणा. बूममध्ये हार्नेस बास्केटच्या अँकरला अडकवलेलाच हवा, बूमला फटका बसला की तो माणसाला बाहेर फेकतो.

आत फरशी झाडून घ्या. लिफ्ट उचलली की खाली लोखंडी पट्ट्या उतरतात, त्यांना पॉटहोल गार्ड म्हणतात. खाली केबल किंवा पाइपाचा तुकडा आडवा आला तर पट्टी उतरत नाही आणि यंत्र वर जात नाही. पोरं म्हणतात बिघडलं, मेकॅनिक बोलवा. आमच्याकडे आठवड्याला एकदा हेच.

इथे दुबईत आयपॅफचं पाल कार्ड, म्हणजे लिफ्ट चालवण्याच्या ट्रेनिंगचं कार्ड, नसेल तर लिफ्टला हात लावू देत नाहीत. पाच वर्षं चालतं. तुमच्याकडच्या दोघांना तरी ट्रेनिंग द्या.

पिवळं_हेल्मेट

फायर वॉलशेजारी ४६ इंची शिरणार नाही, ती १.१७ मीटर रुंद असते. ३२ इंची घ्यावी लागेल, ८१ सेंटीमीटर. पण अँकर मारताना जपून. प्लॅटफॉर्मवर बाजूला किती रेटा चालतो ते पाटीवर लिहिलेलं असतं, दोन माणसांना बहुधा ४०० न्यूटन. म्हणजे चाळीस किलोचा जोर. बोथट बिट असलं की माणूस छाती लावून रेटतो. नवी बिटं द्या.

आणि ती लाल दांडी: यंत्र उतरवून घेतानाच ती दाखवायला सांगा आणि तुमच्या माणसाकडून एकदा लिफ्ट खाली आणून बघा. वर माणूस असेपर्यंत ती ओढता येणारा एकजण खाली हवाच. बॅटऱ्यांची झाकणं उघडून पाणी बघा. प्लेटा उघड्या दिसल्या तर यंत्र परत पाठवा.

चाकण_फिटर

सगळ्यांचे आभार. आज टेप घेऊन गेलो होतो. फायर वॉलची जागा ९८ सेंटीमीटर, म्हणजे ३२ इंची शिरेल, पण दोन्ही बाजूंना आठ-आठच उरतात. चाळीस फुटी आणि अरुंद, दोन्हींचं कोटेशन मागवलंय. प्लिंथ, म्हणजे गोदामाची फरशी, बाहेरच्या जमिनीपेक्षा १.२ मीटर उंच आहे, म्हणून ट्रक डॉकला लावून लेव्हलरवरून, म्हणजे ट्रक आणि फरशी जोडणाऱ्या लोखंडी फळीवरून, यंत्र आत घ्यायचं ठरतंय. लेव्हलरच्या पाटीवर ६००० किलो आहे, तेवढं पुरे.

बूमचं मात्र अडलं. तो उभा करायची जागा बघत होतो तर पायाखाली मॅनहोलची दोन झाकणं दिसली. खाली पाण्याची टाकी आहे, आमच्याच स्प्रिंकलरची. साडेसहा-सात टनांचं यंत्र त्या स्लॅबवर चालेल का, हे विचारायला स्ट्रक्चरलवाल्यांना फोन केलाय, ड्रॉइंग काढून बघतो म्हणाले. छपराच्या दुसऱ्या टोकाकडून बूम पोचतो का, हे कुणी करून बघितलंय का? अंतर साडेनऊ मीटर भरतंय.

दुबईतला_दादा

४५ फुटीची आडवी पोच साधारण साडेसात मीटर. नाही पोचणार. ड्रॉइंग येऊ दे.