प्रति: चांदीचा लेप असलेले कॅथेटर

कॅथेटरला, म्हणजे शरीरात घालायच्या नळीला, चांदीचा लेप असला की संसर्गाची काळजी मिटली, हे म्हणणं पटत नाही. लघवीसाठी घालतात त्या नळीपुरतं तरी नाहीच. ब्रिटनमधल्या 24 रुग्णालयांत सात हजारांवर रुग्णांवर चाचणी झाली होती, निष्कर्ष 2012 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापले. थोड्या दिवसांसाठी नळी घातलेल्यांत संसर्गाचं प्रमाण टेफ्लॉनच्या नेहमीच्या नळीत 12.6 टक्के, चांदीच्या नळीत 12.5. म्हणजे फरक नसल्यातच जमा! नायट्रोफ्युराझोन या जंतुनाशकाचा लेप असलेली 10.6 पर्यंत उतरली, पण तिचा त्रास रुग्णांना जास्त झाला.

लेपावर लघवीतल्या प्रथिनांचा थर बसतो आणि जंतू त्या थरावर बिऱ्हाड थाटतात, चांदी राहते खाली. त्यात प्रोटियस नावाचा जंतू असेल तर तो युरियाचा अमोनिया करतो, लघवी अल्कधर्मी होते, क्षार साचतात. वडिलांची नळी बदलली तेव्हा टोकाला गीझरच्या कॉइलवर बसतो तसा पांढरा, खडबडीत थर होता. भोक जवळपास बुजलेलं. लेपाचा तिथे काय पाड लागणार? मानेच्या शिरेत घालतात त्या नळीची गोष्ट मात्र वेगळी. तिथे मिनोसायक्लिन-रिफॅम्पिसिन या प्रतिजैविकांच्या लेपाने रक्तातला संसर्ग कमी झाल्याचं चाचण्यांत दिसलंय.