घरीच शिकवायचं ठरवलंय, सुरुवात कशी करावी?

प्रश्न: मुलगी ७ वर्षांची आहे. रोज किती तास बसवायचं? आधी कोणती पुस्तकं घ्यायची?

उत्तर १: आधी कायदा तपासा. काही देशांत नोंदणी लागते, जर्मनीत तर सहसा परवानगीच मिळत नाही. वेळेचं म्हणाल तर एकट्या मुलीला शिकवताना दीड-दोन तास पुष्कळ झाले, तेही १५-२० मिनिटांच्या तुकड्यांत.

उत्तर २: पुस्तकांची घाई नको, आधी पाया बघा. ४७ + २८ चं उत्तर तिनं ६१५ लिहिलं (४+२ चे ६ आणि ७+८ चे १५ नुसते शेजारी मांडले), तर हातचा नव्हे, स्थानिक किंमतच, म्हणजे एकक-दशकाची समजच, कच्ची आहे. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून तेच गणित करून घ्या. गठ्ठा तिनंच बांधायचा, तुम्ही नाही!

उत्तर ३: रोज तीन ओळी लिहून ठेवा: तारीख, काय झालं, कुठे अडलं. पुन्हा शाळेत घालताना हीच वही कामी येते.