ड्राइव्ह बदलल्यावर ‘इनव्हॅलिड डिव्हाइस आयडी’ येतोय, अ‍ॅक्सिस ऑनलाइनच येत नाही

सर्वोवाला: चार अ‍ॅक्सिसचं मशीन आहे, इथरकॅटवर (कंट्रोलर आणि ड्राइव्ह जोडणारं नेटवर्क). तिसऱ्या अ‍ॅक्सिसचा सर्वो ड्राइव्ह (त्या अक्षाची मोटर चालवणारा) जळाला म्हणून सेम मॉडेलचा नवीन बसवला, वायरिंग जशीच्या तशी, लिंकचे एलईडी पण लागतायत, पण कंट्रोलर ‘इनव्हॅलिड डिव्हाइस आयडी’ दाखवतो आणि तो ड्राइव्ह इनिटमधून (सुरुवातीची अवस्था) प्री-ऑपमध्ये (त्यापुढची सेटिंगची अवस्था) जातच नाही. बॅकअपमधून पॅरामीटर टाकलेत, केबल पण बदलून झाली. अजून काय बघू?

पॅनलमित्र: केबलचा नाद सोडा. मास्टरला, म्हणजे कंट्रोलरला, ड्राइव्हचा आयडी वाचता येतोय म्हणजे बोलणं चालू आहे, फक्त जुळत नाहीये. आता या एका एररखाली दोन वेगळ्या भानगडी असू शकतात. एक म्हणजे ओळख, व्हेंडर आयडी, प्रॉडक्ट कोड आणि रिव्हिजन नंबर, जे ड्राइव्हच्या ईईप्रॉममध्ये (आतल्या कायमच्या मेमरीत) असतात आणि मास्टर चालू होताना प्रोजेक्टशी ताडून बघतो. दुसरा म्हणजे स्टेशन नंबर, रोटरी स्विचवरचा नाहीतर ईईप्रॉममध्ये लिहिलेला एलियस (ड्राइव्हला नेमून दिलेला पत्ता). पॅरामीटर बॅकअपमधून यातलं सहसा काही येत नाही. बस स्कॅन मारा, म्हणजे नेटवर्कवर काय काय जोडलंय ते मास्टरकडून वाचून घ्या, आणि मिळालेले आकडे प्रोजेक्टच्या शेजारी ठेवून बघा.

बीटबाइट: रोटरी स्विच नीट बघा हो, बऱ्याच ड्राइव्हवर ते हेक्समध्ये (१६ च्या पटीतले अंक, ९ नंतर ए ते एफ) असतात. प्रोजेक्टमध्ये १२ आहे म्हणून वरचा १ वर आणि खालचा २ वर ठेवला तर तो नंबर १८ होतो, १२ हवा असेल तर ० आणि सी. आणि स्विच फिरवल्यावर कंट्रोलचा २४ व्होल्ट सप्लाय पण बंद-चालू करा, नुसती मेन पॉवर काढून चालत नाही, कारण बहुतेक ड्राइव्ह स्विच फक्त चालू होतानाच वाचतात. इन आणि आउट पोर्टच्या केबल उलट लागल्या तरी स्लेव्हचा (मास्टरला जोडलेल्या ड्राइव्हचा) क्रम बदलतो, तेही एकदा तपासा.

सर्वोवाला: स्विच बरोबर आहेत, पोर्ट पण. स्कॅनमध्ये व्हेंडर आणि प्रॉडक्ट कोड सेम, रिव्हिजन मात्र नवीन ड्राइव्हचा मोठा आहे. चेकिंगच बंद करून टाकू का?

पॅनलमित्र: अजिबात नको! ते चेकिंग चुकीच्या जागी चुकीचा ड्राइव्ह लागला तर मशीन थांबवायलाच असतं, उद्या दोन केबलची अदलाबदल झाली तर कमांड एका अ‍ॅक्सिसला आणि हलेल भलताच. ड्राइव्ह बनवणाऱ्याकडून त्या रिव्हिजनची ईएसआय फाइल (ड्राइव्हची माहिती मास्टरला देणारी) घ्या, प्रोजेक्टमध्ये तेवढाच स्लेव्ह अपडेट करा आणि पीडीओ मॅपिंग (दर सायकलला कोणता डेटा कुठे जातो-येतो त्याची यादी) जुन्यासारखंच आहे ना ते ओळीने बघा. काही मास्टरमध्ये रिव्हिजन ‘समान किंवा मोठा’ चालेल अशी सेटिंग असते, पण नवीन फर्मवेअर जुन्या कॉन्फिगरेशनवर चालतं असं उत्पादकानेच सांगितलं असेल तरच ती लावा.

ऑनलाइन आल्यावर लगेच ऑटोला टाकू नका. गिअर रेशो, दिशा, लिमिट आणि अ‍ॅब्सोल्यूट एन्कोडरचा होम ऑफसेट (शून्य जागेचा फरक) तपासा, मग इमर्जन्सी स्टॉपवर हात ठेवून सगळ्यात कमी स्पीडला जॉग करा (हाताने बटण दाबून थोडं थोडं हलवा).