जाळ्याची गोळी कडक कायले पायजे?

झाडीपट्टीवाला: काल इथं एका भाऊनं लिवलं, का फेकजाळ्याच्या शिशाच्या गोळ्या लवकर घासतात, तर जुन्या बॅटरीच्या पट्ट्या अन् बंद छापखान्यातले खिळे (अक्षरांचे धातूचे ठसे) चुलीवर एकत्र वितळवा, गरम गोळी पाण्यात टाका, लोखंडावाणी कडक होते. खाली सगळे "मस्त भाऊ, मस्त भाऊ". डोकं फिरलं, म्हणून लिवतो.

आपण शिशाची पट्टी दोरीवर गुंडाळून पकडीनं आवळतो. मऊ शिसंच आवळलं जाते. खिळ्यात अँटिमनी असते, म्हणजे शिसं कडक करणारा धातू; लायनोटाइपच्या, म्हणजे छपाईच्या ओळी ओतणाऱ्या यंत्राच्या, धातूत तर 12 टक्के. ते दुमडलं का भेग पडते, अन् त्याच भेगेत नायलॉनची दोरी कापली जाते. पाण्यात टाकून कडक होणं हे अँटिमनी अन् जरासं आर्सेनिक असलं तरच. नुसतं शिसं कितीही बुचकळा, मऊच रायते.

अन् बॅटरी? मेंटेनन्स-फ्रीच्या (पाणी न घालाच्या बॅटरीच्या) पट्ट्यांत कॅल्शियम असते. ते अँटिमनीवाल्या धातूत गेलं अन् वितळलेल्या धातूवर साचणाऱ्या मळीले ओल लागली, तर विषारी वायू सुटतो. असं लेकराबाळांच्या अंगणात कराचं?

चुलबंदकाठ: मास्तर, तास संपला का? पट्टीची गोष्ट तुमच्या तलावाची. आमच्या नदीत गोटे हायत. आम्ही भोक असलेली गोळी ओततो, दोरीत ओवतो, दुमडाचा सवालच नाई. मऊ गोळी चपटी होते, भोक बुजते, दोरी अडकते. आजोबापासून ओतून रायलो, कोणी मेलं नाई.

झाडीपट्टीवाला: ओवाची गोळी असंन तर कडक चालंन, मानलं. पण त्या पोस्टीत "ओवाची" हा शब्द दाखवा मले. सापडला तर चहा माझ्याकडून.

जुना_कंपॉझिटर: खिळे वितळवता! आमच्या प्रेसचे देवनागरीचे खिळे भंगारवाल्यानं किलोच्या भावानं नेले, वेलांट्या पोत्यात भरून. लग्नपत्रिकेचा एकेक कोपरा सुईसारखा यायचा, तो कथील अन् अँटिमनीमुळेच. कथिलानं धातू साच्यात नीट वाहतो, अँटिमनीनं गार होताना कमी आकसतो. आता ऑफसेटवाले...

चुलबंदकाठ: काकाजी, ऑफसेटले शिव्या द्याले येगळा धागा काढा ना.

गोसेकाठचा: गोळी कडक का मऊ, मासा कुठं हाय ते सांगा आधी! नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानात, कन्हानातून वैनगंगेत, अन् गोसेखुर्द धरणात येऊन थांबते. वर जलपर्णी. जाळं वढलं का पहिले तेच हाती येते.

मामातलाव: अन् तलावाचं? ठेका मच्छीमार सोसायटीच्या नावावर, मासा ठेकेदाराच्या गाडीत. बेशरमाची झाडं वाढून अर्धा तलाव गेला, खोलीकरणाचा कागद मात्र दर उन्हाळ्यात निघते.

गोसेकाठचा: तुमच्या सोसायटीतले मेंबर कोण, ते सांगू का इथं? अर्धे तर कधी पाण्यात उतरले नाई.

मामातलाव: आम्ही पिढीजात ढीवर हावो. तुमच्यासारखे धरण झाल्यावर जाळं शिकलेले नाई. तोंड सांभाळून बोला.

झाडीपट्टीवाला: अरे बाप्पा, शिशावर या!

आशाताई_लाखांदूर: मी येते शिशावर. आमचे मामाजी गोळी दोरीवर बसवताना दातानं दाबायचे, पकड बाजूलेच पडलेली असायची. बोटं राखाडी, त्याच बोटांनी नातीले भाकरीचा तुकडा. अन् शिसं ज्या गंजात (पातेल्यात) वितळवलं, त्याच गंजात सांजच्याले अंडे उकडले जायचे. आजोबा मेले नाई म्हणता, आजोबाचं रक्त कोणी तपासलं होतं का? लेकरांसाठी शिशाची सुरक्षित मात्राच नाई, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

चुलबंदकाठ: ताई, दातानं कोणी दाबू नये, कबूल. गंजही येगळा ठेवीन, बस? पण वाफेचं भेव घालू नका. शिसं 327 अंशाले वितळते, उकळाले 1700 च्या वर पायजे. चुलीवर कुठून येणार?

झाडीपट्टीवाला: वाफेचं कोण बोललं? मळी झाडता, ती धूळ उडते, अन् ताईनं सांगितलेली बोटं. अन् हो, टायरवाल्याकडची चाकाचा तोल साधाची जुनी वजनं आणली तर एकेक पकडीनं चावून पाहा. नव्यात जस्त असते, ते मऊ नाई. 419 अंशाच्या वर आच गेली का तेही वितळते, अन् मंग सगळा घाणा दलियावाणी होते, साचा भरत नाई.

चुलबंदकाठ: ही एक गोष्ट कामाची सांगितली. एवढं लिवाले पाच मिनिटं लागले असते, सकाळपासून पुराण कायले?

मामातलाव: तलावाच्या लिलावाचं कोणी बोलणार हाय का नाई?