काउंटी एक्झिक्युटिव्हच्या खुर्चीत कौन्सिलमधून वर आलेला माणूस बरा की बाहेरचा बिझनेसवाला?

क्लार्क्सबर्गकर
मेरीलँडच्या मॉन्टगोमेरी काउंटीत आपली मंडळी भरपूर, जर्मनटाऊन, गेथर्सबर्ग, रॉकव्हिल, आमचं क्लार्क्सबर्ग तर विचारूच नका. पण कुणाच्याही घरी जेवायला जा, गप्पा एकतर ट्रम्पच्या नाहीतर मुंबई-पुण्याच्या राजकारणाच्या. ज्या माणसाच्या बजेटवर आपला प्रॉपर्टी टॅक्स, पोलीस, लायब्ररी, राइड ऑन बस आणि बर्फ पडल्यावर गल्लीत ट्रक येणार की नाही हे सगळं ठरतं त्याचं नाव दहातल्या आठांना सांगता येत नाही.

म्हणून थोडा इतिहास. मार्क एलरिच हा माणूस टाकोमा पार्कच्या सिटी कौन्सिलवर १९८७ पासून, त्याच गावातल्या प्राथमिक शाळेत मास्तर, मग २००६ ते २०१८ काउंटी कौन्सिल. २०१८ ला काउंटी एक्झिक्युटिव्हसाठी उभा राहिला, समोर डेव्हिड ब्लेअर, म्हणजे औषधांच्या विम्याचा मोठा धंदा उभा करून विकलेला उद्योगपती, स्वतःच्या खिशातून लाखो डॉलर ओतणारा. डेमोक्रॅटिक प्रायमरी एलरिचने ७७ मतांनी जिंकली. २०२२ ला परत तेच दोघं, आणि रिकाउंटनंतर फरक किती तर ३२!! ५५,५०४ विरुद्ध ५५,४७२. दहा लाखांवर वस्तीच्या काउंटीत. आमच्या एका कल-डी-सॅकमधले (बंद गल्लीतले) लोक मनावर घेतील तर निकाल फिरेल एवढा फरक.

माझं म्हणणं सरळ आहे. ही खुर्ची कौन्सिलमध्ये घासून आलेल्यालाच मिळावी, कारण बजेट कुठे अडतं, कुठला डिपार्टमेंट हेड कुणाचं ऐकतो हे त्याला पाठ असतं. बाहेरच्या माणसाची पहिली दोन वर्षं शिकण्यातच जातात आणि टर्म चार वर्षांची. आता २०२६ ला तर विल जावांडो, अँड्र्यू फ्रीडसन आणि इव्हन ग्लास असे तिघं कौन्सिल मेंबरच मैदानात आहेत त्यामुळे हा विषय काढला. बोला.

पोटोमॅकची_पाटलीण
क्लार्क्सबर्गकर, तुमचा मुद्दा मला अजिबात पटलेला नाही आणि का ते सांगते. "घासून आलेला" म्हणजे नक्की काय हो? १२ वर्षं कौन्सिलवर बसून बिल्डर नको, उंच इमारत नको, डेव्हलपमेंट जपून करा, हेच ऐकवणारा माणूस एक्झिक्युटिव्ह झाल्यावर धंदे कसे आणणार? पोटोमॅक नदी ओलांडली की नॉर्दर्न व्हर्जिनिया, ॲमेझॉनने दुसरं हेडक्वार्टर आर्लिंग्टनला नेलं, आमचं नाव यादीत होतं तेवढ्यावरच समाधान. आणि २०२३ ला साहेबांनी प्रॉपर्टी टॅक्स एकदम १० टक्के वाढवायचा प्रस्ताव ठेवला. शाळांसाठी म्हणे. कौन्सिलनेच तो ४.७ वर आणला नाहीतर आमचं एस्क्रो (घराच्या हप्त्याबरोबर टॅक्ससाठी कापलं जातं ते) बघून डोळे पांढरे झाले असते.

ज्याने आयुष्यात कधी पे-रोल भरलेला नाही त्याच्या हातात सात अब्ज डॉलरच्या वरचं बजेट द्यायचं याला माझा विरोध आहे, तो माणूस सज्जन आहे की नाही हा प्रश्नच नाही. वॉशिंग्टन पोस्टने दोन्ही वेळा ब्लेअरला पाठिंबा दिला होता तो काही उगाच नाही.

टाकोमा_टिंग्या
पाटलीणबाई पोस्टचा पाठिंबा मिळूनही दोन्ही वेळा पडला की हो तुमचा माणूस 😄

सीरियसली सांगायचं तर तुम्ही लोक एक गोष्ट बघतच नाही, एलरिचने दोन्ही इलेक्शन पब्लिक फायनान्सिंगवर लढवल्या. काउंटीने २०१४ ला कायदा केला आणि २०१८ ला पहिल्यांदा वापरला. कंपन्यांचे पैसे घ्यायचे नाहीत, पॅकचे (निवडणुकीसाठी पैसा गोळा करणाऱ्या कमिट्यांचे) नाहीत, एका माणसाकडून जास्तीत जास्त १५० डॉलर (ही २०१८ ची लिमिट), आणि काउंटीतल्या रहिवाशाने दिलेल्या पहिल्या ५० डॉलरला काउंटी सहापट घालते, पुढच्या ५० ला चारपट, शेवटच्या ५० ला दुप्पट. म्हणजे १५० दिले की वर ६०० येतात. आणि हे उगाच कुणी उठला आणि घेतले असं नाही, एक्झिक्युटिव्हसाठी आधी ५०० देणगीदार आणि ४०,००० डॉलर गोळा करून दाखवावे लागतात. आमच्या शेजारच्या पेन्शनर आजीबाईंनी ५० चा चेक फाडला होता, त्याचे ३५० झाले. एका बाजूला अशा आजीबाई, दुसऱ्या बाजूला स्वतःचं चेकबुक घेऊन बसलेला माणूस, आणि जिंकलं कोण? ३२ का होईना.

पोटोमॅकची_पाटलीण
ते सहापट पैसे आकाशातून पडत नाहीत रे टिंग्या, माझ्या टॅक्समधूनच जातात! ज्या माणसाला मी मत देणार नाही त्याच्या घरावर लावायच्या पाट्यांचे पैसे मी का भरायचे? ब्लेअरने निदान स्वतःचे उडवले.

टाकोमा_टिंग्या
स्वतःचे उडवणारा निवडून आल्यावर कुणाला उत्तर देणार, आरशाला? तुमच्या टॅक्समधून पार्कातले बाकही येतात, त्यावर तुमचे विरोधकही बसतात.

नाशिकचा_बंड्या
लांबून विचारतोय, हसू नका. हा काउंटी एक्झिक्युटिव्ह म्हणजे आपल्याकडचा झेडपी अध्यक्ष का? की कलेक्टर? आणि ही प्रायमरी म्हणजे पक्षाचं तिकीट ना, मग त्यावरच एवढी मारामारी का?

अभ्यासू_अण्णा
बंड्या, दोघांचं थोडं थोडं, पण निवडून थेट जनता देते. आपल्याकडे झेडपी अध्यक्ष सदस्य निवडतात, महापौर नगरसेवक निवडतात आणि खरा कारभार सीईओच्या नाहीतर आयुक्तांच्या सहीने चालतो. इथे सही याचीच. बजेट हा मांडतो, कौन्सिल त्यात कापाकापी करून पास करते. प्रायमरीचं म्हणशील तर इथे १९७८ नंतर रिपब्लिकन माणूस त्या खुर्चीत बसलेलाच नाही, त्यामुळे डेमोक्रॅटिक तिकीट मिळालं की नोव्हेंबरची निवडणूक नावापुरती. २०१८ ला नॅन्सी फ्लोरीन या जुन्या कौन्सिल मेंबरबाईंनी पक्ष सोडून अपक्ष लढून बघितलं, काही उपयोग झाला नाही.

आता वरच्या भांडणाबद्दल. तुम्ही दोघंही चुकीच्या दारावर थापा मारताय. कुठे किती मजली इमारत, कुठल्या प्लॉटवर डुप्लेक्स चालेल, हे सगळं झोनिंग, आणि झोनिंग एक्झिक्युटिव्हच्या हातात नाहीच, ते कौन्सिलकडे आहे आणि प्लॅनिंग बोर्डही कौन्सिलच नेमतं. २०२२ मध्ये थ्राइव्ह मॉन्टगोमेरी २०५० हा मोठा आराखडा आला, एलरिचने जाहीर विरोध केला, कौन्सिलने ऑक्टोबरमध्ये पास करून टाकला, विषय संपला. शाळांचंही तसंच, बोर्ड ऑफ एज्युकेशन वेगळं निवडून येतं, बजेटचा जवळजवळ अर्धा पैसा तिकडे जातो आणि तो कसा खर्चायचा हे एक्झिक्युटिव्ह ठरवत नाही. तरी प्रचारात घरं आणि शाळा या दोनच गोष्टींवर बोलायचं, मग उमेदवार कौन्सिलमधला असो की बिझनेसमधला. मतदारांना कुणी सांगतच नाही की बाबा हे तुझ्या दुकानात मिळत नाही.

क्लार्क्सबर्गकर
अण्णा तुम्ही तर माझीच बाजू मांडलीत की! झोनिंग कौन्सिलकडे आहे म्हणूनच एक्झिक्युटिव्हला कौन्सिलमधली ११ माणसं सांभाळता आली पाहिजेत, ती कुणाला येतील, बारा वर्षं त्यांच्यात बसलेल्याला की सीईओला ज्याला "हो सर" ऐकायची सवय?

एक उदाहरण देतो. बीआरटी. एलरिच कौन्सिलवर असल्यापासून बसच्या वेगळ्या लेनचं तुणतुणं वाजवत होता, लोक कंटाळले, हा नाही कंटाळला. ऑक्टोबर २०२० मध्ये रूट २९ वर फ्लॅश बस सुरू झाली, बर्टन्सव्हिल ते सिल्व्हर स्प्रिंग. ज्याला फाईल कुठून कुठे जाते माहितीये त्यालाच असलं जमतं.

खडूस_काका
फ्लॅशमध्ये बसला आहेस का कधी? की फोटोच बघितलेत? मी जातो त्याने. वरच्या भागात शोल्डरवरून, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यावरून, मस्त सुसाट जाते, मग खाली सिल्व्हर स्प्रिंगकडे यायला लागली की वेगळी लेन बिन काही नाही, सगळ्या गाड्यांच्या मागे लायनीत उभी, ड्रायव्हर बिचारा स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसतो आणि शेजारच्या होंडातलं पोरगं आपल्याकडे बघत चिप्स खातं. निळी बस, आत वायफाय, चार्जिंग, सगळं आहे, फक्त रस्ता नाही. याला बीआरटी म्हणायचं का? फायली हलवता येणं आणि काम पुरं होणं यात फरक आहे बाळा.

माझं मत दोघांनाही नको असं आहे. कौन्सिलवाले खुर्च्या बदलत फिरतात, तिथली टर्म संपत आली की इकडे उभे. लोकांनी उगाच नाही २०२४ ला एक्झिक्युटिव्हला दोनच टर्म असा नियम मतदानाने पास केला, म्हणून तर एलरिच या वेळी नाही.

पोटोमॅकची_पाटलीण
काका +१००. आणि त्या नियमाच्या विरोधात बोलणारे म्हणत होते एका माणसासाठी कायदा बदलताय. बदलला तर बदलला.

जर्मनटाऊनची_मुग्धा
मला राहवत नाहीये म्हणून लिहिते. २०२२ ला मी मतमोजणी फॉलो करत होते. प्रायमरीच मुळात जूनवरून १९ जुलैला ढकललेली, त्यात पोस्टाने आलेली मतं प्रायमरी उरकेपर्यंत उघडायचीच नाहीत असा तेव्हाचा नियम, त्यामुळे गुरुवारपासून लिफाफे फाडायला सुरुवात. रोज संध्याकाळी आकडा बदलायचा. मग कळलं की शंभरेक प्रोव्हिजनल मतं (मतदाराची पात्रता तपासून मग मोजतात ती) मोजायचीच राहिलीत! मग रिकाउंट, ऑगस्टचा शेवट उजाडला. तरी कुणी दंगा केला नाही, ब्लेअरने हार मान्य केली आणि विषय मिटला. त्यामुळे उमेदवार कुणीही आवडो, त्या मोजणाऱ्या लोकांबद्दल मला आदर वाटतो.

पण क्लार्क्सबर्गकरदादा, तुमचं ते "कल-डी-सॅकने निकाल फिरला असता" हे जरा अतीच आहे. आमच्या कल-डी-सॅकमध्ये अर्धे एच-वन व्हिसावर आणि बरेचसे ग्रीन कार्डच्या रांगेत. मत देणार कोण? आम्हाला शिव्या घालण्यात अर्थ नाही.

टाकोमा_टिंग्या
मुग्धाताई, टाकोमा पार्कला राहायला या 😀 इथे १९९२ पासून सिटिझन नसलेल्यांनाही सिटी इलेक्शनला मत आहे, १६ वर्षांच्या पोरांनाही आहे. काउंटीला नाही, मान्य. पण ग्रीन कार्ड हातात आलेल्यांना देणगी देता येते, ५० दिले तरी काउंटी ३०० घालते. एच-वनवाल्यांनी मात्र देऊ नये, कायद्याने बंदी आहे.

जर्मनटाऊनची_मुग्धा
म्हणजे मत नाही पण चेक चालतो, वा! ते तुमच्या पब्लिक फायनान्सिंगचं कौतुक होतं की टीका हे तूच ठरव.

अभ्यासू_अण्णा
आणि जे सिटिझन आहेत त्यांचं काय? ओळखीतले बरेच जण रजिस्टर करताना "अनअफिलिएटेड" (कुठल्याच पक्षाचा नाही) वर टिक करून आले, राजकारण नको म्हणून. मेरीलँडमध्ये प्रायमरी बंद असते, पक्षात नाव नसेल तर एक्झिक्युटिव्हसाठी मतपत्रिकाच मिळत नाही. जी निवडणूक खरी आहे तिच्यातून स्वतःहून बाहेर. पक्ष बदलायचा असेल तर प्रायमरीच्या २१ दिवस आधी, त्यानंतर नाही.

पोटोमॅकची_पाटलीण
मी स्वतः अनअफिलिएटेड आहे आणि तशीच राहणार. माझ्या टॅक्सने प्रायमरी घेताय तर मला आत येऊ द्या, मी का म्हणून पक्षाचा टिळा लावू?

क्लार्क्सबर्गकर
म्हणजे ब्लेअरसाठी इथे एवढी भांडलात आणि दोन्ही वेळा त्याला मतच दिलं नाहीत???

खडूस_काका
😂😂😂 ३२ पैकी एक सापडलं.

पोटोमॅकची_पाटलीण
नियम चुकीचा आहे हे माझं म्हणणं त्याने खोटं ठरत नाही. २१ दिवसांची ती लिंक असेल तर टाका अण्णा, नवऱ्यासाठी हवीये.